रात्री नऊला आठशे डाउनलोड: सर्व्हर नेमका कुठे अडतो आणि काय बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाडा भागात स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि त्याला जोडून अभ्यासिका आहे. रोज चार तासिकांचे रेकॉर्डिंग, प्रत्येकी साधारण ५०० एमबी, रात्री नऊला साइटवर येते आणि जवळपास ८०० विद्यार्थी एकदम डाउनलोडला लागतात. काही शहरातल्या वसतिगृहांतून, काही गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून मोबाइलवर. सर्व्हर क्लासच्याच खोलीत आहे: चार कोअर, १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची एक हार्ड डिस्क, उबुंटू २२.०४ (लिनक्स), अपाची (पाने आणि फायली देणारा वेब सर्व्हर), पीएचपी (साइटच्या स्क्रिप्टची भाषा) आणि १ गिगाबिटची लाइन. दीडशेच्या आसपास विद्यार्थी आले की साइटचे पहिले पानही उघडत नाही. कुणी सांगितले म्हणून 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' (एकाच वेळी किती मागण्या हाताळायच्या ती अपाचीची मर्यादा) वाढवले, तर लोड (चालू किंवा वाट पाहणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या) साठच्या वर गेला, आणि सीपीयू मात्र रिकामाच दिसतो. मग अपाचीच्या पुढे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून लावला, तर डिस्कच भरली. आता रॅम वाढवायची की नवा सर्व्हर घ्यायचा?

सध्या दोन्ही नको. ही तीनही लक्षणे एकाच कारणाची आहेत. मोठ्या फायली देणाऱ्या सर्व्हरला कनेक्शनच्या आकड्याने फारसा फरक पडत नाही. एकेका डाउनलोडसाठी तुम्ही किती महागडी गोष्ट किती वेळ अडकवून ठेवता, त्यावर सगळे ठरते.

दीडशेचा आकडा योगायोग नाही. उबुंटूवर अपाचीच्या प्रीफोर्क पद्धतीत 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' मुळात १५० असते. प्रीफोर्क म्हणजे एका विद्यार्थ्यामागे एक पूर्ण प्रोसेस, आणि पीएचपी तिच्या पोटातच. तुमची स्क्रिप्ट लॉगिन तपासते आणि 'रीडफाइल'ने व्हिडिओ पाठवते. तपासणीला काही मिलिसेकंद लागतात, पण पाठवणे संपेपर्यंत ती प्रोसेस सुटत नाही. मंद मोबाइल नेटवर्कवरच्या विद्यार्थ्याला ५०० एमबी उतरवायला पाऊण तास लागला, तर तो पाऊण तास एक प्रोसेस त्याच्याच नावावर. १५१ वा माणूस फक्त वेळापत्रक बघायला आला तरी रांगेत थांबतो.

याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक गाठ असते. 'सेशन_स्टार्ट'ने सेशनची फाइल लॉक होते आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत लॉक राहते. त्यामुळे डाउनलोड चालू असताना त्याच विद्यार्थ्याला साइटचे दुसरे पान उघडत नाही. तो कंटाळून रिफ्रेश मारत राहतो, आणि प्रत्येक रिफ्रेश आणखी एक प्रोसेस अडकवतो. लॉगिन तपासून होताच 'सेशन_राइट_क्लोज' लिहा. एका ओळीचे काम आहे, आजच करा.

आता मर्यादा वाढवल्यावर काय झाले ते पाहू. 'सर्व्हरलिमिट' न वाढवता १००० लिहिले असेल तर अपाची २५६ वरच थांबते. पण २५६ सुद्धा तुमच्या यंत्राला जड आहेत. पीएचपीसकट एक प्रोसेस ३० ते ६० एमबी खाते. ५० धरले तर २५० प्रोसेसचे साडेबारा जीबी होतात. १६ पैकी साडेबारा गेल्यावर लिनक्सच्या पेज कॅशेला (वाचलेल्या फायली रॅममध्ये राखून ठेवण्याच्या जागेला) उरते काय? खरा घात इथे होतो. आजच्या चार तासिका मिळून फक्त २ जीबी आहेत. त्या पेज कॅशेत राहिल्या असत्या तर आठशे काय, दोन हजार विद्यार्थ्यांसाठीही डिस्कला हात लावावा लागला नसता. प्रोसेस वाढवून आपण नेमकी तीच जागा काढून घेतली.

आणि डिस्कवर जावे लागले की हिशेब क्रूर आहे. ७२०० आरपीएमच्या तबकडीला अर्धा फेरा मारायला ४.१७ मिलिसेकंद लागतात आणि हेड जागेवर न्यायला साधारण ८. म्हणजे दर वाचनाला १२ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० वाचने. लिनक्सचे रीडअहेड (एका वाचनात पुढचे किती आधीच उचलायचे ते) मुळात १२८ केबी असते. शेकडो विद्यार्थी फायलींच्या वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ८० गुणिले १२८ केबी, म्हणजे सुमारे १० एमबी प्रति सेकंद. तुमची लाइन ११७ एमबी देऊ शकते आणि डिस्क १० वर धापा टाकते आहे. डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेस लिनक्स लोडमध्ये मोजतो, म्हणून लोड साठ आणि सीपीयू रिकामा. खात्री करायची असेल तर नऊ वाजता 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि 'बी' (अडकलेल्या प्रोसेस) व 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) हे रकाने बघा. 'आयओस्टॅट -एक्स १' मध्ये वापराची टक्केवारी शंभराला टेकलेली दिसेल. 'एसआय' आणि 'एसओ' हे रकानेही हलत असतील तर स्वॅपही (रॅम अपुरी पडल्यावर डिस्कचा वापर) त्याच डिस्कवर चालू आहे, मग काही बोलायलाच नको.

एन्जिनएक्सने डिस्क भरली तेही समजण्यासारखे आहे. प्रॉक्सी म्हणून लावल्यावर तो मागच्या अपाचीकडून उत्तर शक्य तितक्या वेगाने ओढून घेतो आणि मंद ग्राहकासाठी जे उरते ते तात्पुरत्या फाइलीत लिहितो. ही मर्यादा, 'प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ', मुळात १ जीबी आहे. म्हणजे ५०० एमबीच्या तासिकेची दर विद्यार्थ्यामागे जवळजवळ पूर्ण प्रत त्याच डिस्कवर लिहिली जाते आणि पुन्हा वाचली जाते. ही किंमत शून्य केली तर डिस्क भरणार नाही, पण अपाचीच्या प्रोसेस पुन्हा पूर्वीसारख्या अडकतील. हा उपाय नाही, तात्पुरता टेकू आहे.

खरा उपाय म्हणजे तपासणी आणि पाठवणी वेगळी करणे. अपाची काढा. एन्जिनएक्स समोर, मागे पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सेवा), त्याला २० चिल्ड्रन, म्हणजे प्रोसेस, भरपूर झाले. स्क्रिप्ट लॉगिन बघेल, फाइल पाठवणार नाही. ती फक्त 'एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट' या हेडरमध्ये फाइलचा आतला पत्ता देईल आणि संपेल. तो पत्ता ज्या लोकेशनचा आहे तिथे 'इंटर्नल' लिहा, म्हणजे बाहेरून कुणाला थेट उघडता येणार नाही. पुढचा पाऊण तास ते डाउनलोड एन्जिनएक्सच्या वर्करकडे (मागण्या हाताळणाऱ्या प्रोसेसकडे). एक वर्कर एकाच वेळी शेकडो डाउनलोड सांभाळतो, कारण त्याच्यासाठी एक डाउनलोड म्हणजे थोडी मेमरी आणि दोन फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा जोडणीचा क्रमांक), एवढेच.

इथे एक बारीक चूक हमखास होते, म्हणून जरा थांबून सांगतो. पीएचपीने कंटेंट-टाइप सांगितला नाही तर तो 'टेक्स्ट/एचटीएमएल' धरला जातो, आणि एन्जिनएक्स आतल्या रीडायरेक्टनंतरही तोच टाइप कायम ठेवतो. आता तुमच्याकडे 'जीझिप ऑन' (पाठवताना डेटा दाबून लहान करणे) असेल, तर 'टेक्स्ट/एचटीएमएल' नेहमीच जीझिप होते, म्हणून तुमचा व्हिडिओही जीझिप व्हायला लागतो. आकार एक टक्काही कमी होत नाही, सीपीयू तापतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे रेंजची, म्हणजे फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागण्याची, सोय जाते. मग ४५० एमबी उतरल्यावर गडचिरोलीच्या विद्यार्थ्याचे नेटवर्क तुटले, तर त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात. तीच फाइल तीनदा पाठवणारा सर्व्हर कितीही ट्यून केला तरी पुरा पडत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'व्हिडिओ/एमपी४' स्पष्ट लिहा आणि कंटेंट-लेंग्थ स्वतः देऊ नका. फाइलचे नाव मराठीत किंवा मोकळ्या जागेसह असेल तर नावापुरते 'रॉयूआरएलएनकोड' करा. मग कर्लने (कमांडवरून फाइल उतरवण्याचे साधन) पहिले १०० बाइट मागून पाहा. उत्तर २०६ (मागितलेला तुकडा) आणि सोबत 'कंटेंट-रेंज' आले पाहिजे. २०० (पूर्ण फाइल) आले तर कुठेतरी रेंज तुटली आहे, पुढे जाऊ नका.

एन्जिनएक्सची सेटिंग्ज फार नाहीत. 'वर्कर_प्रोसेसेस ऑटो', म्हणजे तुमच्याकडे चार. 'वर्कर_कनेक्शन्स' मुळात ५१२ असते, ४०९६ करा. ८०० विद्यार्थ्यांची प्रत्येकी दोन कनेक्शने धरली तर १६००, आणि प्रत्येकाला एक सॉकेट व एक फाइल म्हणजे ३२०० डिस्क्रिप्टर. ते चार वर्करमध्ये समसमान वाटले जातील याची हमी नसते, म्हणून 'वर्कर_आरलिमिट_नोफाइल' १६३८४ ठेवा. 'लिमिट्स.कॉन्फ'मध्ये आकडे वाढवून 'टू मेनी ओपन फाइल्स' जात नाही अशी तक्रार सारखी ऐकू येते. सिस्टमडी (लिनक्सची सेवा सुरू करणारी यंत्रणा) चालवत असलेल्या सेवेला ती फाइल लागूच होत नाही. खरी मर्यादा 'प्रॉक'मधल्या त्या प्रोसेसच्या 'लिमिट्स' फाइलीत दिसते, तिथे बघा.

'सेंडफाइल ऑन' (फाइल कर्नलनेच थेट पाठवणे) आणि 'टीसीपी_नोपुश ऑन' असू द्या. उबुंटू २२.०४ सोबत एन्जिनएक्स १.१८ येतो. त्यात 'सेंडफाइल_मॅक्स_चंक'ला मुळात मर्यादा नाही (ती २ एमबी झाली १.२१.४ पासून), त्यामुळे एखादा वेगवान ग्राहक वर्करला बराच वेळ धरून ठेवू शकतो. हाताने १ एमबी लिहा. एचटीटीपीएसवर या आवृत्तीत सेंडफाइल वापरलेच जात नाही, डेटा आधी मेमरीत वाचून मग एन्क्रिप्ट होतो. काळजी नको, एईएस-एनआय (प्रोसेसरमध्येच असलेली एन्क्रिप्शनची सोय) असलेल्या आजच्या प्रोसेसरला एका गिगाबिटचे एन्क्रिप्शन जड नाही. पण मग वाचनाचा तुकडा ठरवतो तो 'आउटपुट_बफर्स', आणि तो मुळात ३२ केबीचे दोन एवढाच असतो. '१ ५१२के' करा. १६०० कनेक्शनना ८०० एमबी रॅम लागेल हे लक्षात ठेवूनच करा, याहून मोठा करू नका.

सर्वांत महत्त्वाची ओळ 'एआयओ थ्रेड्स'. एन्जिनएक्सचा प्रत्येक वर्कर एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालतो. तो एका फाइलसाठी डिस्कवर थांबला की त्याच्याकडची बाकी चारशे कनेक्शनेही थांबतात, कॅशेत असलेली फाइल मागणारीसुद्धा. थ्रेड्स लावल्यावर थांबण्याचे काम ३२ थ्रेडच्या गटाकडे जाते आणि वर्कर मोकळा राहतो. जुन्या तासिका मागणारे पन्नास विद्यार्थी आजची तासिका घेणाऱ्यांना अडवत नाहीत, ते यामुळे.

आणि 'डायरेक्टआयओ ४एम' ही ओळ मोठ्या फायलींसाठी म्हणून कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगमध्ये असेल तर काढून टाका. ती पेज कॅशे पूर्ण टाळते. लाखो वेगवेगळ्या फायली एकेकदाच जातात तिथे तिचा उपयोग. तुमच्याकडे चार फायली आठशेदा जातात, तिथे ती विषासारखी आहे.

डिस्कचे रीडअहेड 'ब्लॉकडेव्ह --सेटआरए २०४८' ने १ एमबी करा (आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो). वरचाच हिशेब पुन्हा करा: १२ मिलिसेकंद हेड हलवायला आणि १ एमबी वाचायला आणखी सहा-सात, म्हणजे सेकंदाला पन्नासेक वाचने, ५० एमबी. पैसा न घालता पाचपट. रीस्टार्टनंतर हे पुसले जाते, म्हणून यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांची सेटिंग लावणाऱ्या सेवेच्या) नियमात लिहून ठेवा. खर्च करायचाच असेल तर रॅमच्या आधी साधी साटा एसएसडी घ्या. हेडच नसल्यामुळे जुन्या तासिकांचा प्रश्नच उरत नाही.

नुकतीच अपलोड केलेली फाइल पेज कॅशेत असतेच, कारण लिहिलेली पानेही तिथेच राहतात. पण दुपारी अपलोड आणि संध्याकाळी बॅकअप असा क्रम असेल तर बॅकअप सगळी डिस्क वाचून कॅशे धुऊन टाकतो. बॅकअप पहाटे चारला न्या. नऊला दहा मिनिटे कमी असताना चारही फायली 'कॅट' करून 'डेव्ह/नल'मध्ये सोडा, दोन जीबी गरम होऊन बसतील. आणि फाइल कधीही थेट शेवटच्या नावाने कॉपी करू नका. तात्पुरत्या नावाने त्याच फाइल सिस्टीमवर आणा, पूर्ण झाली की 'एमव्ही' करा. नाहीतर अर्धवट कॉपी असताना ज्याने मागणी केली त्याला अर्धाच व्हिडिओ मिळतो, आणि त्याचे डाउनलोड मात्र पूर्ण झालेले दिसते.

एवढे झाले की अडथळा लाइनवर येतो, आणि तो कोणत्याही सेटिंगने हलत नाही. १ गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्ष फाइल जाते ती साधारण ९४० मेगाबिट, म्हणजे ११७ एमबी प्रति सेकंद. ८०० जणांना एक तासिका म्हणजे ४०० जीबी, ५७ मिनिटे. चारही तासिका सगळ्यांनी घेतल्या तर १.६ टीबी, ३ तास ४८ मिनिटे. म्हणून मोठा फायदा सर्व्हरमध्ये नाही, रेकॉर्डिंगमध्ये आहे. फळा आणि स्लाइड दाखवणाऱ्या एका तासाला ५०० एमबी लागत नाहीत. एफएफएमपेगने (व्हिडिओ रूपांतराचे साधन) ७२०पी, १५ फ्रेम, सीआरएफ २८ (दर्जाचा आकडा, जितका मोठा तितकी फाइल लहान), आवाज मोनो ६४ किलोबिट (तासाला २९ एमबी) करून बघा, फळ्यावरचे बारीक अक्षर वाचता येते ना ते तपासा. तासिका १५० एमबीवर आली तर तेच ३ तास ४८ मिनिटे ६८ मिनिटांवर येतात. त्याच वेळी 'फास्टस्टार्ट'चा पर्यायही लावा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि ब्राउझरमध्ये बघणाऱ्याला शेवटचा भाग आधी मागावा लागत नाही. याच्या जोडीला बॅचप्रमाणे वीस-वीस मिनिटांच्या फरकाने तासिका सोडल्या तर विद्यार्थ्यांना फरक जाणवणारही नाही.

मर्यादा घालताना नागपुरातल्या वसतिगृहांचा विचार करा. 'लिमिट_कॉन' (एकाच वेळच्या कनेक्शनची मर्यादा) सगळे आयपीवर लावतात. पण एका वसतिगृहातली चाळीस मुले एकाच वायफायच्या मागे एकाच आयपीने येतात, आणि मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एका आयपीमागे ठेवतात. आयपीमागे दोन कनेक्शने म्हटले की अडतीस मुले बाहेर. म्हणून मोजणीची ओळख ('की') आयपी न ठेवता सेशनची कुकी ठेवा. कुकी नसलेल्याला पीएचपी तसेही फाइल देत नाही. विद्यार्थ्यामागे दोन कनेक्शने पुरेत, म्हणजे डाउनलोड मॅनेजर लावून सोळा तुकड्यांत ओढणारा दुसऱ्यांचा वाटा खाणार नाही. नकाराचा कोड मुळात ५०३ असतो, तो ४२९ करा, नाहीतर लॉग बघताना सर्व्हर पडल्यासारखे वाटते. 'लिमिट_रेट ४००के' हा बाइटमध्ये आहे, म्हणजे ३.२ मेगाबिट, आणि तो दर कनेक्शनला लागतो. बिट-बाइटचा घोळ इथे फार होतो. 'सेंड_टाइमआउट' ६० सेकंदच राहू द्या. तो पूर्ण डाउनलोडचा नसून दोन लिखाणांमधल्या शांततेचा आहे. तो तासाभराचा केला तर नेटवर्कबाहेर गेलेले फोन तासभर जागा अडवून बसतात.

कर्नलमध्ये दोनच गोष्टी बदला: 'टीसीपी_कंजेशन_कंट्रोल' (पाठवण्याचा वेग ठरवण्याची पद्धत) बीबीआर आणि 'डीफॉल्ट_क्यूडिस्क' (पॅकेटच्या रांगेची पद्धत) एफक्यू. नेहमीचा क्युबिक प्रत्येक हरवलेल्या पॅकेटला गर्दी समजून वेग कापतो. जंगलाच्या कडेच्या गावात मोबाइलवर पॅकेट हरवतात ते सिग्नलमुळे, गर्दीमुळे नाही. बीबीआर तिथे खूपच बरा चालतो. 'टीसीपी_डब्ल्यूमेम' (दर कनेक्शनचा पाठवणीचा बफर) १६ एमबी करण्याचा सल्ला ऐकू नका. ४ मेगाबिट आणि ८० मिलिसेकंदांच्या जोडणीला ४० केबी एकावेळी वाटेत असतात, मुळातली ४ एमबीची कमाल मर्यादा पुष्कळ झाली. ८०० गुणिले १६ एमबी म्हणजे पुन्हा तेच साडेबारा जीबी, ज्यातून आपण आत्ता सुटलो. पोर्ट ६५,५३५च असतात म्हणून तेवढीच कनेक्शने, हाही गैरसमज आहे. येणारी सगळी कनेक्शने ४४३ या एकाच पोर्टवर येतात.

सर्व्हर खोलीतच आहे म्हणून दोन गोष्टी हाताने तपासा. 'एथटूल' या नेटवर्क कार्डची माहिती देणाऱ्या कमांडमध्ये वेग १००० दिसतो का? केबलच्या आठ तारांपैकी एक जरी क्रिम्पिंगमध्ये सुटली, तरी गिगाबिट चालत नाही. त्याला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. लिंक गुपचूप १०० वर उतरते, दिवा हिरवाच असतो, आणि लाइनचा दहावा भाग हाती येतो. दुसरे, मे महिना. पारा ४५ च्या वर गेला की प्रोसेसर स्वतःचा वेग कापतो आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) तापमान ओलांडल्याची नोंद येते. त्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावू नका. ओली हवा आणि खारट पाण्याचे कण बोर्डावर बसतात. छोटा एसी आणि मागची हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हवा.

चाचणी सर्व्हरवरूनच करू नका, त्यात नेटवर्क कार्ड येतच नाही. शेजारच्या लॅपटॉपवरून, चाचणीच्या दीडशे सेशन कुकी घेऊन, एकेकीवर दोन अशी ३०० कर्ल एकदम सुरू करा, प्रत्येकाला '--लिमिट-रेट १५०के'. मिळून ४५ एमबी प्रति सेकंद होतात. मंद ग्राहकांची गर्दी हीच तुमची खरी परीक्षा आहे, वेगवान ग्राहकांची नाही. निम्मी आजच्या फायलींवर आणि निम्मी महिन्याभरापूर्वीच्या वेगवेगळ्या फायलींवर सोडा. त्याच वेळी ब्राउझरमध्ये वेळापत्रकाचे पान उघडा. ते सेकंदाच्या आत उघडले तर थ्रेड्स आणि एफपीएम बरोबर बसले आहेत. लॉगमध्ये 'रिक्वेस्ट_कम्प्लीशन' हा चल जोडा. पाठवणी सुरू झाल्यावर तुटलेले डाउनलोडही लॉगमध्ये २०० किंवा २०६ असेच दिसते, पूर्ण झाले का ते या चलातच कळते.

कॉन्फिगमधला कोणताही बदल रात्री नऊ ते बारा रिलोड करू नका. रिलोडनंतर जुने वर्कर आपली डाउनलोड संपेपर्यंत 'शटिंग डाउन' अवस्थेत जिवंत राहतात. तासाभरात पाच रिलोड झाले तर वीस जुने वर्कर आपापली मेमरी धरून बसलेले दिसतील. प्रमाणपत्राचे आपोआप नूतनीकरणही रिलोड करते, त्याची वेळ सकाळची ठेवा, आणि 'वर्कर_शटडाउन_टाइमआउट' दोन तासांचा लावा.